झिजलेला रुपया

१

काही वर्षांपूर्वीच्या सहा डिसेंबरची गोष्ट. चैत्यभूमीवर अभिवादन करून मी शिवाजी पार्कच्या मैदानात पुस्तकांच्या दुकानांतून हिंडत होतो. हा माझा दरवर्षीचा परिपाठ आहे. एका पुस्तकविक्रेत्याच्या शेजारी वीस-बावीस वर्षांचा एक मुलगा पथारी टाकून बसला होता. त्याच्यापुढे प्लास्टिकच्या पाकिटांत घातलेली नाणी ओळीने मांडलेली होती आणि त्यांत १९९० सालचा, बाबासाहेबांचे मुख असलेला रुपया होता. पाकिटावर चिठ्ठी चिकटवलेली होती : शंभर रुपये.

मराठवाड्याकडची एक म्हातारी ते नाणे वाकून पाहत होती. तिने किंमत विचारली. मुलाने सांगितली. ती काही बोलली नाही. कनवटीची गाठ सोडून तिने आपल्याजवळचा एक रुपया काढला आणि त्याच्यापुढे धरला. ‘लेकरा, ह्यो बी त्योच हाय न्हवं?’ मुलाने तो हातात घेतला, उलटासुलटा केला. नाणे तेच होते. पण इतके झिजलेले की बाबासाहेबांच्या चष्म्याची कड तेवढी बोटाला लागावी. ‘तोच आहे आजी,’ मुलगा म्हणाला, ‘पण झिजलाय. ह्याला किंमत नाही.’

म्हातारीने नाणे परत घेतले, पुन्हा गाठ मारली आणि ती गर्दीत मिसळून गेली. तिला वाईट वाटले असे मला दिसले नाही. वाईट वाटले ते मला. मुलगा खोटे बोलला नव्हता. आपल्या धंद्याच्या नियमाप्रमाणे तो बरोबरच बोलला होता. पण ‘किंमत नाही’ हे शब्द आपल्या समाजाने इतक्या पिढ्या, इतक्या तोंडांतून ऐकले आहेत की ते एका नाण्याविषयी उच्चारले गेले तरी मन दचकते. नाण्याला किंमत कशाने येते, कशाने जाते, आणि ती ठरवतो कोण, या प्रश्नांचा माग त्या दिवसापासून मी घेऊ लागलो. त्यातून हाती लागले ते येथे मांडीत आहे.

२

आधी आपले आणि नाण्याचे नाते पाहिले पाहिजे.

गावगाड्यात महाराच्या हाती नाणे फारसे येतच नसे. त्याला मिळे ते बलुते : खळ्यावरचे उरलेसुरले धान्य, दारोदारची भाकरी, मेलेले जनावर. बलुत्यात मोजदाद नसते. देणाऱ्याची मर्जी असते. याउलट नाण्याला मर्जी नसते. एक रुपया हा पाटलाच्या हातात एक रुपया असतो आणि महाराच्या हातातही एकच रुपया असतो. १८३५ साली कंपनी सरकारने आपल्या सगळ्या मुलखासाठी एकाच वजनाचा रुपया ठरवला : १८० ग्रेन वजनाचा, त्यात १६५ ग्रेन शुद्ध चांदी. त्यावर पुढे राणीचे मुख आले आणि लोक त्याला राणीछाप म्हणू लागले. पलटण, रेल्वे, गोदी आणि मुंबईच्या गिरण्या यांनी आपल्या आज्या-पणज्यांच्या हातावर हा रुपया ठेवला. रोख मजुरीने माणूस मुक्त होतो असे नव्हे. पण भाकरीच्या तुकड्यासाठी जोहार घालण्यापासून तो एक पाऊल दूर जातो, एवढे मात्र खरे.

असे असले तरी जातिव्यवस्थेने नाण्यालाही सोडले नाही. माझी आजी रत्नागिरीकडची. ती सांगत असे : गावातल्या दुकानात मीठ आणायला गेले की पैसा हातावर द्यायचा नाही. तो पायरीच्या दगडावर ठेवून मागे सरायचे. दुकानदार त्यावर पाणी शिंपडून तो उचली आणि मिठाची पुडी वरून टाकी. आजीचे शब्द माझ्या कानांत अजून आहेत : ‘पैसा धुवून घेतलान, पन मला धुवून बी कोनी जवळ घेतलान नाय.’

अस्पृश्यतेची याहून नेमकी व्याख्या मी कुठल्या ग्रंथात वाचलेली नाही. नाण्याचा विटाळ पाण्याने जातो, माणसाचा जात नाही. कारण नाण्यावाचून दुकान चालत नाही, माणसाच्या मानावाचून ते खुशाल चालते. व्यवहाराला जे हवे असते त्याच्यासाठी धर्म वाट काढतो. जे नको असते त्याच्यासाठी तो वाट बंद करतो.

मुंबईत पाणी शिंपडणारे हात कमी झाले, पण नाण्यापर्यंत पोचण्याच्या वाटा येथेही सारख्या नव्हत्या. गिरणीत चांगला पगार साचेखात्यात, म्हणजे मागावर. तेथे धोट्यातली कांडी बदलली की धाग्याचे टोक धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. अस्पृश्याच्या तोंडाला लागलेला धोटा आपल्या तोंडाला कसा लावायचा, या सबबीवर आपल्या माणसांना साचेखात्याची दारे बंद होती. १९२८ च्या गिरणी संपाच्या वेळी बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे मांडला तो याचसाठी. विटाळ धाग्याला होता, पण त्याचा दंड महिन्याच्या महिन्याला पगाराच्या पाकिटातून वसूल होत होता. माझ्या वडिलांनी, आम्ही त्यांना नाना म्हणत असू, जन्मभर रिंगखात्यात काम केले. त्यांच्या काळी साचेखात्याची दारे उघडली होती; पण ज्याच्या बापाने, चुलत्याने माग चालवला त्यालाच तो आधी हाती लागे. कायद्याने उघडलेल्या दाराशी रांग मात्र जुनीच असते.

३

बाबासाहेबांचे मुख रुपयावर आले, याचे अप्रूप वाटते ते त्यांनी राज्यघटना लिहिली म्हणून. परंतु या देशातल्या थोर पुरुषांत रुपया हा ज्याच्या अभ्यासाचाच विषय होता असा पुरुष शोधू गेल्यास पहिले नाव त्यांचेच घ्यावे लागेल. ही गोष्ट आपल्या जयंतीच्या भाषणांत क्वचितच येते, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

१९१८ साली ते सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. पगार ४५० रुपये. राहणे परळच्या बी. आय. टी. चाळीत. पगारातून वाचवलेला पैसा, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या पारशी मित्राने दिलेले कर्ज एवढ्यावर १९२० साली ते अर्धवट राहिलेले शिक्षण पुरे करण्यासाठी पुन्हा लंडनला गेले. तेथे डी. एस्सी. पदवीसाठी त्यांनी निवडलेला विषय होता रुपयाचा प्रश्न. प्रबंध सादर झाला, पण परीक्षकांनी त्याची फेरमांडणी करायला सांगितले. जवळचे पैसे संपत आले होते. १९२३ च्या एप्रिलमध्ये ते मुंबईला परतले आणि सुधारलेला प्रबंध त्यांनी येथून पाठवला. त्याच वर्षाच्या अखेरीस ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’ हे पुस्तक लंडनमध्ये प्रसिद्ध झाले. त्याला त्यांचे गुरू एडविन कॅनन यांची प्रस्तावना आहे आणि ते आईवडिलांच्या स्मृतीला अर्पण केलेले आहे. ब्रिटिश साम्राज्याच्या चलननीतीचे उणेपण दाखवणाऱ्या या ग्रंथाचा कर्ता परळच्या चाळीत राहत होता, आणि त्या चाळीखालच्या रस्त्याने रोज सकाळी भोंग्याच्या हाकेसरशी हजारो कामगार त्याच रुपयाच्या मागे धावत होते. या योगायोगाकडे इतिहासकारांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही.

त्या पुस्तकातला विषय सोपा करून सांगायचा तर असा. १८९३ पर्यंत कोणीही चांदी घेऊन टाकसाळीत जावे आणि रुपये पाडून आणावेत अशी मोकळीक होती. मुंबईची टाकसाळ फोर्टात, टाऊन हॉलच्या शेजारी, १८२९ सालापासून उभी आहे. जगात चांदी स्वस्त होत चालली तसा रुपयाही घसरत गेला. तेव्हा १८९३ साली सरकारने टाकसाळीचे दार लोकांना बंद केले. त्या दिवसापासून रुपयाची किंमत त्याच्यातल्या चांदीवर राहिली नाही. ती सरकारच्या हुकमावर आली. परंतु सरकारने स्वतःसाठी मात्र ते दार उघडेच ठेवले. हवे तेव्हा हवे तितके रुपये पाडण्याची मुभा त्याच्या हाती राहिली. बाबासाहेबांचा आक्षेप येथे होता. नाणे पाडणाऱ्याच्या हाताला मर्यादा नसेल तर नाण्याची खरेदीशक्ती कोणाच्या भरवशावर राहायची? पुढे हिल्टन यंग आयोगापुढे १९२५ साली त्यांनी साक्ष दिली तेव्हाही हेच सुचवले की, रुपये पाडण्याचे काम लोकांना जसे बंद आहे तसे सरकारलाही बंद असावे आणि सोन्याचे योग्य नाणे पाडावे.

त्या काळी रुपयाचा भाव १ शिलिंग ४ पेन्स असावा की ६ पेन्स, यावर मोठे रण माजले होते. रुपया स्वस्त झाला की व्यापार वाढतो, म्हणून तो स्वस्त असावा असे गिरणीमालक आणि व्यापारी म्हणत. बाबासाहेबांनी साधा प्रश्न विचारला : हा नफा येतो कोठून? तो परदेशातून येत नाही. रुपया उतरला की वस्तू महागतात. मजुरी मात्र त्या वेगाने वाढत नाही. म्हणजे एका वर्गाचा नफा हा याच देशातल्या दुसऱ्या वर्गाच्या ताटातून काढलेला असतो. हे तत्त्व त्यांना नुसत्या ग्रंथातून सापडले असेल असे मला वाटत नाही. पहिल्या महायुद्धात महागाई भडकली होती आणि १९१९ च्या जानेवारीत मुंबईचे लाखाहून अधिक गिरणी कामगार संपावर गेले होते. त्या दिवसांत बाबासाहेब याच शहरात अर्थशास्त्र शिकवत होते आणि परळमध्ये राहत होते.

येथे एक सावधगिरीची गोष्ट सांगणे माझे कर्तव्य आहे. आपल्या पत्रकांतून ‘रिझर्व्ह बँकेची स्थापना बाबासाहेबांनी केली’ असे सर्रास छापले जाते. घडले ते असे : हिल्टन यंग आयोगाने १९२६ साली मध्यवर्ती बँकेची शिफारस केली, १९३४ साली कायदा झाला आणि १ एप्रिल १९३५ रोजी बँक सुरू झाली. आयोगापुढे बाबासाहेबांची साक्ष झाली होती आणि तिचा भर चलनाचे परिमाण कोणते असावे यावर होता. चलनाच्या वाटेल तशा वाढीला वेसण हवी हा त्यांचा आग्रह या देशाच्या अर्थविचारात मोलाचा आहे. तेवढे सांगितले तरी पुरे आहे. अतिशयोक्तीने बाबासाहेब मोठे होत नाहीत. आपला अभ्यास तेवढा लहान दिसतो.

४

आता त्या नाण्याकडे वळतो.

स्वतंत्र भारतात स्मारक नाणी पाडण्याची प्रथा १९६४ साली सुरू झाली. त्या वर्षी पंडित नेहरू वारले आणि त्यांचे मुख असलेला रुपया आणि पन्नास पैसे त्याच वर्षाच्या स्मरणार्थ निघाले. १९६९ साली महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीनिमित्त वीस पैशांपासून दहा रुपयांपर्यंतची नाणी निघाली. इंदिरा गांधींची नाणी त्यांच्या हत्येनंतर वर्षभरात, १९८५ साली आली. बाबासाहेब १९५६ साली गेले. त्यांचे टपाल तिकीट १९६६ साली निघाले. नाण्याला १९९० साल उजाडावे लागले. म्हणजे चौतीस वर्षे.

ज्या वर्षी ते आले ते वर्ष मात्र साधे नव्हते. विश्वनाथ प्रताप सिंग यांचे सरकार दिल्लीत होते. जानेवारीअखेर अत्याचार प्रतिबंधक कायदा अमलात आला. मार्चअखेर बाबासाहेबांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले. एप्रिलमध्ये संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात त्यांचे तैलचित्र लागले आणि जन्मशताब्दीचे ते वर्ष सामाजिक न्याय वर्ष म्हणून जाहीर झाले. धर्मांतरित बौद्धांना अनुसूचित जातींच्या सवलती मिळण्याची दुरुस्ती त्याच वर्षी झाली. त्यासाठी आपल्या समाजाला छप्पन्न सालापासून झगडावे लागले होते. ऑगस्टमध्ये मंडल आयोगाची घोषणा झाली आणि देश पेटला. या सगळ्यांत शासनाला सर्वांत स्वस्त पडलेली गोष्ट कोणती, असे विचारले तर उत्तर नाणे हेच द्यावे लागेल. सवलतींविरुद्ध मोर्चे निघाले. नाण्याविरुद्ध एकही निघाला नाही.

ते नाणे तांबे-निकेलचे आहे : वजन सहा ग्रॅम, व्यास सव्वीस मिलिमीटर. एका बाजूला सारनाथच्या अशोकस्तंभाचे सिंह आणि एकचा आकडा, दुसऱ्या बाजूला बाबासाहेब. ज्या सारनाथला तथागतांनी पहिले प्रवचन दिले तेथले सिंह एका अंगाला आणि ज्यांनी धम्म या भूमीत परत आणला ते दुसऱ्या अंगाला, असे हे नाणे आहे. शासनाच्या मनात हा अर्थ असेल असे नव्हे. पण आपल्या लोकांनी तो पाहिला.

आमच्या घरी तो पहिला रुपया नानांनी आणला. १९८२ च्या संपाने त्यांची गिरणी गेली होती. त्यांनी नंतर एका इमारतीवर रखवालीचे काम धरले होते. नायगावच्या बी. डी. डी. चाळीत आम्ही तेव्हा राहत होतो. एका संध्याकाळी लालबागहून चहापत्ती-साखर घेऊन ते आले, खिशातली सुट्टी मोड काढून त्यांनी फळीवर ठेवली आणि त्यातला एक रुपया वेगळा केला. ‘वाण्यानं दिला,’ ते म्हणाले. एवढेच. पुष्कळ वेळाने त्यांनी आणखी एक वाक्य उच्चारले, ‘त्याच्या गल्ल्यात होता.’

त्या वेळी मला त्या वाक्याचा अर्थ कळला नाही. आजीची गोष्ट आठवली तेव्हा कळला. ज्यांच्या आईने पैसा पायरीवर ठेवला त्यांना वाण्याने बाबासाहेब आपल्या गल्ल्यातून काढून हातावर दिला होता. पाणी शिंपडल्यावाचून.

ते नाणे नानांनी कधी खर्च केले नाही. तथागतांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढे ते राहिले. चाळीत घरोघर हेच झाले. जो तो मिळेल तो रुपया काढून ठेवी. कोणी त्याला कडी लावून गळ्यात घातले. लहान मुलांच्या बारशाला ते हातावर ठेवण्याची रीत पडली. बघता बघता व्यवहारातून ते दिसेनासे झाले.

५

नाणे दुर्मिळ होते म्हणजे काय होते, हे येथे समजून घेतले पाहिजे. कारण याच अज्ञानावर आज मोठा धंदा चालतो.

संग्राहकांच्या बाजारात किंमत तीन गोष्टींनी ठरते. पहिली, ते किती पाडले गेले. दुसरी, ते कोणत्या टाकसाळीत पाडले गेले. सालाच्या खालचे चिन्ह पाहून ते ओळखतात : छोटा हिरा किंवा चौकट असेल तर मुंबई, तारा असेल तर हैदराबाद, टिंब असेल तर नोएडा आणि काहीच चिन्ह नसेल तर कलकत्ता. तिसरी गोष्ट म्हणजे नाण्याची अवस्था. टाकसाळीतून निघून कोणाच्याही हाताला न लागलेले नाणे सर्वांत वरचे. त्याहून वर संग्राहकांसाठी आरशासारख्या ठशांनी मुद्दाम घडवलेली, पेटीत बंद केलेली नाणी, ज्यांना प्रूफ म्हणतात. हातोहात फिरलेले नाणे सर्वांत खाली. म्हणजे या बाजाराचा मूळ नियम असा की नाण्याला जितके हात लागतील तितकी त्याची किंमत कमी. न शिवलेले ते श्रेष्ठ. हा नियम मी प्रथम ऐकला तेव्हा मला हसू आले आणि मग हसूही आले नाही.

या कसोट्यांवर १९९० चा रुपया दुर्मिळ नाही. तो व्यवहारासाठीच पाडला गेला होता आणि भरपूर पाडला गेला होता. चांगल्या अवस्थेतल्या नाण्याला हौशी माणूस दर्शनी किमतीच्या अनेक पट देतो. पण ती रक्कम लाखांत कधीच जात नाही. तरीही ‘हे नाणे असेल तर तुम्ही लखपती’ अशा जाहिराती भ्रमणध्वनीवर फिरत असतात. माझ्या मावसभावाच्या मुलाने अशाच एका जाहिरातीवर विश्वास ठेवला. त्याच्याजवळ आजोबांनी दिलेला बाबासाहेबांचा रुपया होता. समोरच्याने आधी नोंदणीचे अडीच हजार मागितले, मग कराचे पाच हजार, मग वाहतुकीचे. अकरा हजार गेले आणि दूरध्वनी बंद झाला. मुलगा रिक्षा चालवतो. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये याच प्रकाराविषयी इशारा दिला होता की, जुन्या नाण्यांच्या किंवा नोटांच्या खरेदीविक्रीशी आपला संबंध नाही आणि त्यासाठी आपण कसलेही शुल्क घेत नाही. तो इशारा ज्याच्यापर्यंत पोचायला हवा होता त्याच्यापर्यंत जाहिरात आधी पोचली. मला त्या मुलाच्या पैशांपेक्षा दुसऱ्याच गोष्टीचे दुःख झाले. तो म्हणाला, ‘काका, मी तो बाबासाहेबांचा रुपया विकायला काढला म्हणूनच माझं असं झालं.’ फसवणाऱ्याचा दोष त्याने स्वतःच्या श्रद्धेच्या खात्यावर मांडला होता.

धातूचाही एक हिशेब आहे. चलनातून नाणी नाहीशी होतात ती सगळीच काही देव्हाऱ्यात जात नाहीत. पहिल्या महायुद्धात चांदी इतकी कडाडली की रुपयातली चांदी रुपयाहून महाग झाली, लोकांनी रुपये वितळवले, दडवले. आणि सरकारला १९१७ साली एक रुपयाची कागदी नोट काढावी लागली. १९४० साली रुपयातली चांदी निम्म्यावर आणली गेली आणि १९४७ साली ती पार गेली, निकेल आले. पुढे तांबे-निकेल आले, आणि १९९२ पासून हलके पोलाद. दर्शनी किंमत तीच राहते, आतला ऐवज उतरत जातो. जुन्या तांबे-निकेलच्या रुपयातला धातू आज रुपयाहून महाग आहे. नाणी वितळवणे हा गुन्हा असला तरी मोह सुटत नाही. १९२३ साली बाबासाहेबांनी ज्या भेदावर बोट ठेवले, म्हणजे नाण्यावर लिहिलेले मोल आणि नाण्याचे खरे मोल यांच्यातला भेद, त्याचे उदाहरण त्यांच्याच नाण्याने द्यावे, हा काळाचा न्याय म्हणायचा.

आणि एक हिशेब आपला स्वतःचा. नाणे हे सरकारने लोकांना दिलेले एक वचन असते : याच्या बदल्यात बाजारात एक रुपयाचा माल मिळेल. ज्याने ते घाम गाळून मिळवले आणि फळीवर ठेवून दिले त्याने ते वचन कधी वसूलच केले नाही. चाळीचाळींतून, वाड्यावस्त्यांतून जे असंख्य रुपये तसबिरीपुढे ठेवले गेले ते एका अर्थी या देशातल्या सर्वांत गरीब माणसांनी सरकारला दिलेले बिनव्याजी कर्ज आहे. ते परत मागण्याचा त्यांचा विचार नाही. पण कर्ज कोणी कोणाला दिले आहे याची नोंद कोठे तरी असली पाहिजे, म्हणून ती येथे करतो.

६

६ डिसेंबर २०१५ रोजी, बाबासाहेबांच्या १२५ व्या जयंतीवर्षात, दिल्लीत पंतप्रधानांच्या हस्ते दोन नाणी प्रकाशित झाली. एक १२५ रुपयांचे, एक १० रुपयांचे. सव्वाशेचे नाणे मोठे देखणे आहे : पस्तीस ग्रॅम वजन, निम्मी चांदी, बाकी तांबे, निकेल आणि जस्त. योगायोग असा की १९४० सालच्या निम्म्या चांदीच्या रुपयाचे मिश्रणही हेच होते. पण ते चालण्यासाठी नाहीच. टाकसाळीकडे आगाऊ मागणी नोंदवून, दर्शनी किमतीच्या कितीतरी पट रक्कम भरून ते घ्यायचे आणि पेटीत ठेवायचे. त्याने कोणी भाजी घेणार नाही, बसचे तिकीट काढणार नाही. दहाचे नाणे मात्र बाजारात आले. आणि बाजारात काय झाले? दहाची नाणी खोटी आहेत अशी आवई उठली. दुकानदार ती घेईनात. शेवटी दहा रुपयांची चौदाही प्रकारची नाणी खरी आहेत, असे रिझर्व्ह बँकेला २०१८ च्या जानेवारीत जाहीर करावे लागले.

माझ्यापुढे दोन्ही नाणी ठेवली तर मी दहाचे उचलीन. न चालणाऱ्या नाण्याचा सन्मान हा मला मखरातल्या सन्मानासारखा वाटतो : जवळ जायचे नाही, हात लावायचा नाही, दुरून नमस्कार करायचा. ही रीत आपल्याला चांगली ओळखीची आहे. आपण तिच्या दुसऱ्या टोकाला होतो इतकेच. विभूतिपूजा माणसाला आणि देशाला कोठे नेते हे बाबासाहेबांनी १९४३ साली पुण्यात रानड्यांवरच्या व्याख्यानात सांगितले, आणि १९४९ साली घटना समितीतल्या अखेरच्या भाषणात राजकारणातल्या भक्तीविषयी पुन्हा बजावले. ते ऐकूनही आपण त्यांना मखरात बसवणार असू, तर ती आपली चूक असेल.

मग नानांनी तो रुपया फळीवर ठेवला तेही चुकले का? या प्रश्नाचे उत्तर मला अजून सहज देता येत नाही. ज्याला जन्मभर नाणे जमवता आले नाही त्याने एक नाणे खर्च न करण्याचा मान स्वतःला दिला. त्याला मी भक्ती म्हणणार नाही. ती मालकी होती. गिरणी गेली, खोली भाड्याची, पण हा एक रुपया मी मोडणार नाही, हे त्यांना म्हणता आले.

नाना गेल्यावर तो रुपया माझ्याकडे आला. पाकिटात घातलेला नाही, तसबिरीपुढेच आहे. नाती-नातवंडे येतात, उचलून पाहतात, कोणी जमिनीवर फिरवून भोवरा करतात. मी हरकत घेत नाही. सालाखाली छोटा हिरा आहे, म्हणजे तो फोर्टातल्याच टाकसाळीतला. त्या टाकसाळीपासून चालत जाण्याच्या अंतरावर सिद्धार्थ महाविद्यालय आहे. तेथे सकाळच्या वर्गाला बसून, मग दिवसभर कारकुनी करून मी पदवी घेतली. टाकसाळीवरून शेकडो वेळा गेलो, पण तिच्या भिंतीआड काय चालते याचा विचार कधी केला नव्हता.

शिवाजी पार्कवरची ती म्हातारी मला पुन्हा भेटली नाही. भेटली तर मी तिला सांगेन की त्या मुलाच्या बाजारात तिच्या रुपयाला किंमत नाही हे खरे आहे. इतक्या हातांतून गेल्याने तो झिजला. त्यांत कोणकोणते हात असतील याची तिने एकदा मोजदाद करावी : वाण्याचा, कंडक्टरचा, भटजीचा, सावकाराचा, तलाठ्याचा. एकानेही तो पायरीवर ठेवायला सांगितला नसेल. आपल्या आजीला हे पाहायला मिळाले नाही. म्हणून तिचा तो झिजलेला रुपया मला त्या कोऱ्या रुपयाहून मोलाचा वाटतो. मात्र नाणे हातोहात गेले म्हणून माणूस गेला असे समजून स्वस्थ बसता येत नाही. तो हिशेब अजून पुरा व्हायचा आहे.